वयाच्या चौथ्या हिश्शाएवढा डोस

निवृत्त झाल्यावर बऱ्याच प्रकरणांतली माणसं एकमेकांत मिसळून जातात. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, हेही नीट सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र माझ्या डोक्यात वेगळंच राहिलं आहे. त्यात कुणी फरार नव्हतं, हत्यार नव्हतं, वैर तर मुळीच नव्हतं. तरीही माझ्या सगळ्या नोकरीत इतका हादरा मला दुसऱ्या कशानं बसला नाही.

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. पंचवटीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा मी निरीक्षक होतो. दसऱ्याचा आदला दिवस. हजेरी आटोपून बंदोबस्ताची वाटणी चालली होती, एवढ्यात ठाणे अंमलदारानं सांगितलं की एका खाजगी रुग्णालयाचे डॉक्टर फोनवर आहेत आणि त्यांना माझ्याशीच बोलायचं आहे.

"साहेब, एक मेडिको-लीगल केस कळवतोय," डॉक्टर म्हणाले. पोलिसांना कळवावीच लागते अशी ती केस. "फूलबाजारात एक बाई कोसळली. आणली तेव्हा रक्तातली साखर जवळजवळ संपली होती. सलाइनमधून ग्लुकोज दिलं म्हणून वाचली. गोष्ट अशी आहे, की तिला मधुमेह नाही. कसल्या गोळ्या चालू नाहीत. आणि पोटावर सुया टोचल्याच्या खुणा आहेत."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"कुणीतरी तिला इन्सुलिन टोचतंय असा माझा संशय आहे. रक्त मुंबईला तपासायला पाठवतोय. शरीर स्वतः इन्सुलिन तयार करतं तेव्हा त्याच्यासोबत आणखी एक पदार्थ रक्तात येतो. तो सापडला नाही, तर इन्सुलिन बाहेरून आलं हे नक्की. अहवालाला वेळ लागेल, पण तुम्ही तोवर थांबू नका."

बाई पन्नाशीच्या आतबाहेरची. शहराच्या कडेला तिच्या घरची झेंडू-शेवंतीची शेती. सकाळी नवऱ्याबरोबर फुलं बाजारात आणायची आणि वाटेत एका कॉलनीत पूजेच्या पुड्या द्यायची. आमच्या खात्यात अशा वेळी पहिला संशय घरातल्या माणसावर घ्यायचा असतो, कारण बहुतेकदा तोच खरा निघतो. मी नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या.

"घरात कुणाला साखरेचा आजार आहे?"

"नाय सायेब."

"मग बायकोला सुया कोण देतं?"

"सुया?" तो माझ्याकडं बघत राहिला. "तिला कोण देईल? मला सोताला सुई बघितली का घेरी येती. ती तर डोकं दुखलं तरी गोळी घेत नाय."

मी तोच प्रश्न तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. खोटं बोलणाऱ्याचं आश्चर्य फार टिकत नाही, पुढच्या प्रश्नाला तो सावध होतो. या माणसाचं आश्चर्य मात्र प्रत्येक प्रश्नासरशी वाढतच गेलं. शेवटी त्यानंच मला विचारलं, "सायेब, ती मरनार नाय ना?" मी त्याला रुग्णालयात जाऊ दिलं.

तिथं आमच्या एक महिला हवालदार सकाळपासून बसून होत्या. वयानं त्याही पन्नाशीच्या जवळ आलेल्या. शुद्धीवर आल्यावर ती फुलवाली डॉक्टरांशी बोलेना, नवऱ्याशी बोलेना. हवालदारबाईंनी चौकशीचा विषयच काढला नाही. आपली कंबर कशी धरते आणि झोपेत अंग घामानं कसं भिजतं, हे त्या तिला सांगत बसल्या. दुपारनंतर ती बोलू लागली.

"ताकदीची सुई हाय ती. कॉलनीतल्या ताई देत्यात. पाळी गेल्यापासनं अंगात काय राह्यलंच नव्हतं बघा. डॉक्टरला दाखवलं तर म्हनले, वय झालं, चालायचंच."

"मग इथं का नाही सांगितलं?"

"सांगितलं का डॉक्टर बंद करत्यात. अन् कोर्स मधीच तुटला का हाडं आदीपेक्षा ठिसूळ व्हत्यात. आमच्यात पाच-सहा जनी घेत्यात. फिराया जानाऱ्या. त्या शाळंतल्या बाईबी घ्यायच्या. ताईंची सख्खी बहीन. गेल्या बिचाऱ्या मागच्या पंधरवड्यात. पन त्या हार्टनं गेल्या."

हवालदारबाई उठून बाहेर आल्या आणि रुग्णालयाच्या काउंटरवरून त्यांनी मला फोन केला. "साहेब," त्या म्हणाल्या, "एक आधीच गेलीय."

मृत बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. साठीच्या, विधवा, अंगानं किरकोळ. दुपारी झोपेतच गेल्या. घरच्या डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला, अंत्यसंस्कार झाले. शवविच्छेदन नाही, तपासणीसाठी राखून ठेवलेला व्हिसेरा नाही. पोलिसांच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, दसऱ्याचा बंदोबस्त हाताखालच्या अधिकाऱ्यावर सोपवून, मी हवालदारबाईंना घेऊन त्या कॉलनीत गेलो. कॉलनीतल्या सगळ्याजणी जिला ताई म्हणत, तिनंच दार उघडलं. चेहरा रडून सुजलेला. आत भिंतीवर थोरल्या बहिणीचा फोटो, त्याला ताजा हार. मी गणवेशात असूनही ती घाबरली नाही. "बसा, चहा टाकते," म्हणून आत गेली. बाहेरच्या खोलीत तिचे यजमान बसले होते. एसटीत नोकरी करून निवृत्त झालेले, सरळ, बोलके गृहस्थ.

मी हवापाण्याच्या गप्पांतून सुरुवात केली. त्यांना मधुमेह असल्याचं त्यांनी आपणहूनच सांगितलं.

"इन्सुलिन कोण देतं तुम्हाला?"

"हीच देते. हात इतका हलका आहे हिचा, टोचलेलं कळतसुद्धा नाही."

"बाटली पुरते किती?"

"पूर्वी आरामात महिना जायची. हल्ली लवकर संपते बघा. मी म्हटलं हिला, गळते की काय कुठं? तर म्हणाली, तुमचा डोस वाढलाय. पण माझा डोस काही वाढलेला नाही, साहेब."

चहाचा ट्रे घेऊन ती दारात उभी होती. सगळं ऐकलेलं होतं. तिनं ट्रे शांतपणे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "यांचा काही संबंध नाही. बाटलीतलं औषध मी काढत होते."

त्या एका वाक्यात माझा तपास संपला होता. अट्टल गुन्हेगार कबुली देतो तेव्हा खोलीतली हवा बदलते, हे मी अनेकदा अनुभवलं आहे. इथं तसं काही झालं नाही. नवऱ्याचं औषध न विचारता वापरलं, एवढाच आपला गुन्हा, असं तिला वाटत होतं. ती चोरी कबूल करत होती. आपण काय सांगतो आहोत याची तिला कल्पनाच नव्हती.

तिनं सांगितलं ते असं. वर्षभरापूर्वी जवळच्या मंगल कार्यालयात एका माणसाचं व्याख्यान झालं. बायका त्याला सर म्हणत. चाळिशीनंतरच्या आणि पाळी थांबलेल्या बायकांसाठी खास व्याख्यान. गुडघे दुखतात का, झोप येते का, रडू येतं का, असं त्यानं एकेकीला विचारलं. मग त्यानं पेप्टाइड हा शब्द सांगितला. शरीर स्वतःच प्रथिनाचे बारीक तुकडे तयार करतं, वय वाढलं की ते कमी पडतात, ते सुईनं भरून काढायचे. हाडं भरतात, कातडी तजेलदार होते. औषध नव्हे, शरीराचंच द्रव्य, म्हणून अपाय शून्य. एका बाईनं भीत भीत विचारलं, रोज सुया टोचून काही होणार नाही ना? तर तो हसून म्हणाला, अहो, इन्सुलिनसुद्धा पेप्टाइडच आहे, लाखो लोक रोज घेतात.

नवऱ्याला सुई देण्याची सवय असल्यामुळं गटातल्या सगळ्यांना टोचायचं काम ताईकडं आलं. छोट्या बाटलीत पांढरी पावडर असायची, तिच्यात पाणी घालायचं आणि इन्सुलिनच्या सिरिंजनं युनिट मोजून पोटावर द्यायचं.

"किती द्यायचं, हे कसं ठरवायचात?" मी विचारलं.

"वयाचा चौथा हिस्सा. साठीच्या बाईला पंधरा युनिट. फरक कमी वाटला, तर दुप्पट. सरांनीच सांगितलं होतं."

"वजन, साखर, किडनी, आधीची औषधं, काही विचारत होते का?"

"नाही. फक्त वय विचारायचे."

मग भाद्रपदाच्या सुमाराला बाटल्या येणं बंद झालं. सरांचा फोन लागेना. कोर्स तुटला तर हाडं ठिसूळ होणार, ही धास्ती सगळ्यांना होती. थोरली बहीण तर नवरा गेल्यापासून प्रथमच जरा हसूबोलू लागली होती.

"मग मी विचार केला, घरात तर आहेच की," ती म्हणाली. "तेही पेप्टाइड, हेही पेप्टाइड. त्याच्यातही युनिट, ह्याच्यातही युनिट. मी तेवढेच युनिट दिले. स्वतःही घेतले. मला तर आणखी बरं वाटलं, थकवा गेला."

यजमान हळूहळू उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना कळलं होतं. तिला अजून नाही.

"ताई," हवालदारबाईंनी अगदी हळू विचारलं, "आज कुणाला दिली का?"

"बँकेतल्या मॅडमना दिली ना, फिरून आल्यावर."

बँकेतून निवृत्त झालेल्या त्या मॅडम समोरच्याच इमारतीत एकट्या राहत. आम्ही धावलो. शेजारीण म्हणाली, "आत्ताच आडव्या झाल्यात, मरगळल्यासारखं होतंय म्हणाल्या. उठवू नका." तिच्याकडं जादा किल्ली होती. ती घेऊन दार उघडलं. मॅडम पलंगावर पडल्या होत्या. केस, साडी, उशी, सगळं घामानं ओलं. दातखीळ बसलेली. हाका मारूनही पापणी हलली नाही.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "शुद्ध नाही तर तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. उचला आणि या." आम्ही त्यांना चादरीत घेऊन जिन्यावरून खाली आणलं आणि जीपमध्ये ठेवलं.

ताई आमच्या मागोमाग आली होती. जिन्यात ती भिंतीला टेकून उभी राहिली. चादरीतला तो भिजलेला चेहरा तिच्या अगदी जवळून गेला.

"मोठी पण अशीच भिजली होती," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. "संकष्टी होती, पोटात काही नव्हतं तिच्या. मी तिचा घाम पुसला. म्हटलं, लागू पडतंय. सर म्हणायचे, घाम आला की समजा लागू पडलं. फरक कमी वाटतोय म्हणत होती, म्हणून त्या दिवशी दुप्पट दिली होती मी."

मग ती पायरीवर बसली. रडली नाही. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिलेला नाही, आणि पाहण्याची इच्छाही नाही.

मॅडम वाचल्या. शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली. फुलवालीचा रक्ताचा अहवालही पुढं डॉक्टरांच्या अंदाजाप्रमाणंच आला. त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. युनिट हे किलो-लिटरसारखं एकच माप नाही. प्रत्येक औषधाचं युनिट वेगळं ठरवलेलं असतं, एकाचे पंधरा म्हणजे दुसऱ्याचे पंधरा नव्हेत. पेप्टाइड हे एका औषधाचं नाव नाही, ती मोठी जात आहे. त्यातलं एक हाडांसाठी असतं, एक साखर उतरवतं, एक आणखी कशासाठी. आणि वय वाढलं, वजन घटलं, की शरीराला डोस जास्त लागतो हे तर साफ उलटं आहे. तिथंच तो जपून, तपासून द्यावा लागतो. साखर उतरल्यावर घाम फुटतो, छाती धडधडते, हात थरथरतात. पाळी जाण्याच्या वयात हेच सगळं एरवीही होतं. त्यामुळं या बायकांना शंका आली नाही. बहुतेकींनी सुईनंतर ताईच्याच घरी चहा-उपमा खाल्ला होता, म्हणून त्या निभावल्या होत्या. फुलवाली दसऱ्याच्या घाईत तशीच बाजाराला गेली. ताईला स्वतःला बरं वाटलं, त्याचं कारण तपासणीत निघालं. तिला मधुमेह होता आणि तो कधी कुणी तपासलाच नव्हता. तिच्या अंगाला इन्सुलिन हवंच होतं.

शिक्षिकेचा मुलगा पुण्याहून आला. मावशीला भेटायचं म्हणाला. मी त्याला माझ्या खोलीत बसवलं, पण बाहेर गेलो नाही. काय होईल याची खात्री नव्हती.

तो तिच्यासमोर बसला. मग त्यानं विचारलं, "मावशी, आईला त्रास झाला का?"

"नाही रे. म्हणाली, डोळा लागतोय, तू जा आता घरी."

"आणि तू गेलीस?"

"मी तिच्या अंगावर शाल घातली आणि गेले."

त्यानं मान हलवली आणि उठून निघून गेला. तिच्याविरुद्ध एक शब्द त्यानं जबाबात दिला नाही.

त्या सरांना आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातून पकडलं. तिथंही त्याचं व्याख्यान लागलेलं होतं. शिक्षण विचारलं तर कसलीच वैद्यकीय पदवी नाही. औषध निरीक्षकांना बोलावून बाटल्या जप्त केल्या. तपासणीत काही बाटल्यांत कामाचं काहीच नव्हतं, काहींत एक संप्रेरक होतं आणि त्याचं प्रमाण प्रत्येक बाटलीत निराळं. बाहेरून सगळ्या एकसारख्या.

चौकशीत तो अजिबात डगमगला नाही. "मी कुणालाही इन्सुलिन द्यायला सांगितलेलं नाही. त्या बाईनं आपल्या अकलेनं केलं. माझ्या औषधानं कोण मेलंय, दाखवा." दोन दिवस तो हेच म्हणत राहिला, आणि कायद्याच्या भाषेत त्यात तथ्य होतं. तिसऱ्या दिवशी मी बाटल्यांचा विषय सोडला. त्याच्या घरची चौकशी केली. घरात आई होती, सत्तरी ओलांडलेली. गुडघ्यांच्या दुखण्यानं एका जागी बसलेली.

"मग आईला दिलं असेल ना तुम्ही?" मी सहज विचारलं.

"तिला?" तो म्हणाला. "छे. तिला झेपणार नाही. तिचं वय झालंय."

खोलीत आम्ही तिघं होतो. जबाब लिहिणारा शिपाई लिहायचा थांबला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या माणसाला आपण काय बोललो हे एका क्षणानंतर कळलं. त्यानं लगेच वकील मागितला. मला तोवर वाटत होतं, हा अडाणी आहे, स्वतःच्याच थापांवर विश्वास ठेवणारा. तसं नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं. वयाच्या चौथ्या हिश्शाचा नियम त्यानं दुसऱ्यांच्या आयांसाठी केला होता.

पोलिसांसमोरचं असं बोलणं न्यायालयात पुरावा ठरत नाही. बिगरपरवाना औषधविक्री, पदवी नसताना उपचार आणि फसवणूक, एवढ्यावर त्याला शिक्षा झाली. मला पुरेशी वाटली नाही. ताईवर हयगयीनं मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा होता. शव नाही, व्हिसेरा नाही, खटला टिकणार नाही, असं वकिलानं तिला समजावलं. तिनं ऐकलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा स्पष्ट म्हणाली, "मला गुन्हा कबूल आहे." न्यायालयानं सगळी परिस्थिती पाहून तिला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. तिला जामीन राहिलेल्यांत ती फुलवालीही होती.

मी फुलवालीला विचारलं होतं, या सगळ्यात पडलातच कशा तुम्ही? ती म्हणाली, "सायेब, त्या मान्सानं इचारलं तरी, कुठं दुखतंय म्हनून. दुसऱ्या कुनी इचारलं व्हतं?" गुन्ह्यामागं आम्ही हेतू शोधतो. पैसा, जमीन, संशय, सूड. या प्रकरणात मरण ज्या हातानं आलं, त्या हातात मायेशिवाय काही नव्हतं. तेव्हापासून घरात कुणी कसली सुई घेतंय असं ऐकलं, की मी खोदून विचारतो. औषधाचं नाव काय, किती घ्यायचं, आणि ते कुणी, काय तपासून ठरवलं. लोकांना तो पोलिसी खाक्या वाटतो. वाटू दे.

पुढं एकदा त्या डॉक्टरांनी मला बोलावलं. एका महिला मंडळात ते बायकांच्या या वयातल्या आजारांवर बोलणार होते. हॉल भरलेला होता. डॉक्टरांच्या आधी ताई उठली. खूप वाळली होती. माइक हातात धरून तिनं नाव-गाव काही सांगितलं नाही.

"माझ्या हातून माझी बहीण गेली," ती म्हणाली. "कशी गेली ते सांगते."

तिनं सगळं सांगितलं. घाम पुसल्याचंही. डॉक्टरांनी नंतर काय सांगितलं, ते कुणाच्या लक्षात राहिलं असेल असं मला वाटत नाही. कार्यक्रम संपला, तरी बायका जागच्या हलल्या नाहीत. मग मागच्या रांगेतून एक बाई उठून पुढं आली. पर्स उघडली आणि पांढऱ्या पावडरीची एक छोटी बाटली टेबलावर ठेवली. तिच्यावर नाव निराळं होतं, विकणारा माणूसही निराळाच असणार.

तिच्या मागं आणखी एक उठली. मग आणखी एक.